लळा न लावता

भाताची कापणी उरकली की मुळशीच्या पूर्वेकडच्या गावांत दोन कामांची घाई एकदमच होते. खाचरातला पेंढा उडव्यांत रचायचा असतो आणि उसाला तोड मिळवायची असते. नेरे, मारुंजी, कासारसाई या पट्ट्यात ऊस आहे, संत तुकाराम साखर कारखाना तिथंच हाकेच्या अंतरावर. पौड मागं टाकून पश्चिमेला निघालं की ऊस विरत जातो. मग इंद्रायणी-आंबेमोहराची खाचरं, माळावरचं कमरेएवढं गवत, मुळशी धरणाचं लांबच लांब पसरलेलं पाणी आणि ताम्हिणीच्या अंगाला कारवीनं गच्च झालेले उतार. या सगळ्या जमिनीचा एक नकाशा तलाठ्याकडे आहे. दुसरा नकाशा मांजरकुळातल्या आयांच्या डोक्यात आहे. त्यात गट नंबर नाहीत. कुठलं गवत किती दिवस कुणी कापणार नाही, कुठल्या बांधाच्या पोटात कोरडी कपार आहे, कुठल्या फडात माणूस महिनोन्‌महिने आत शिरत नाही, एवढीच त्यात नोंद आहे.

बिबट्या सगळ्यांना ठाऊक. गावात त्याला वाघरू म्हणतात आणि वाघजाईपुढं नारळ फोडताना मनात त्याचीच धास्ती असते. रानमांजर, म्हणजे आमच्याकडचं बाऊल, लांब पायांचं आणि मातकट पिवळ्या अंगाचं. आखूड शेपटीवर काळी वलयं आणि कानांच्या टोकांना केसांची बारीक शेंडी. पण तिसरी मांजर सांगितली की लोक चकित होतात. ती वाघाटी. पूर्ण वाढलेली वाघाटी जेमतेम एक-दीड किलोची असते. आशियातलं हे सगळ्यांत लहान रानटी मांजर भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून जगात कुठंही नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या शेतशिवारात ती आपण समजतो त्याहून जास्त असावी, असं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी २०१० च्या सुमारास लिहिलं होतं. वाघाटीच्या पिल्लांच्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, त्यामुळं उसात ती दिसली की 'बिबट्याची पिल्लं' म्हणून हाकाटी होते आणि मूठभर जिवांभोवती काठ्या घेतलेला जमाव उभा राहतो. तळहातावर मावणाऱ्या त्या पिल्लाला हे कसं कळावं, की त्याला पाहून शंभर माणसं घाबरलेली आहेत!

पिल्लं 'सापडतात' असं आपण म्हणतो. खरं तर ती हरवलेली नसतातच. आईनं ती जाणून-बुजून तिथं ठेवलेली असतात. या तिन्ही मांजरांची आई एकटीच संसार करते. नर मदतीला नसतो, कळप नसतो. पोटाला मिळवायचं तर पिल्लांना एकटं टाकूनच जावं लागतं, आणि वास पसरू नये, शत्रूला माग लागू नये म्हणून जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागते. एकेक पिल्लू मानेला धरून उचलायचं, नव्या जागी ठेवायचं, परत यायचं, दुसरं न्यायचं. या दोन फेऱ्यांच्या मध्ये कुणी तिथं पोचलं तर त्याला एकटं पडलेलं, कण्हणारं पिल्लू दिसतं आणि माणसाचं काळीज हलतं. काळीज हलणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या हललेल्या काळजानं पिल्लू उचलून पाटीत घातलं की ज्या क्षणापर्यंत ते अनाथ नव्हतं, त्या क्षणापासून ते अनाथ होतं. वन विभागाच्या आणि प्राणी वाचवणाऱ्या संस्थांच्या माणसांना हे दर हंगामात पाहावं लागतं.

माझ्या मामीच्या खळ्यावर एकदा असंच झालं. पेंढ्याच्या उडवीच्या बुडाशी बाऊलीनं पिल्लं घातली होती. पेंढा ओढता ओढता मामीच्या हाताला काहीतरी ऊबदार लागलं, आणि मग फिस्स असा आवाज. डोळे नुकते उघडलेले, निळसर राखी. अंगावर फिकट पट्टे, जे मोठेपणी जवळजवळ पुसले जातात. मामी धावत घरात गेली ती वाटीत गाईचं दूध घेऊनच आली. मी तिथंच होते. वाटी तिच्या हातातून घेताना मला वाईट वाटलं, कारण नातवंडांसाठीही तिनं असंच कोमट दूध आणलं असतं. गाईच्या दुधानं या पिल्लांना हगवण लागते आणि एवढ्याशा जिवातलं पाणी निघून गेलं की ते परत भरून काढता येत नाही, हे तिला समजावलं. मामानं पेंढा होता तसा लावला, कुत्रं साखळीला बांधलं, पोरांना खळ्याकडं फिरकू दिलं नाही. मामीची मात्र एक शंका राहिली होती.

"मी हात लावला गं त्यास्नी. आता माणसाचा वास आला म्हनून ती टाकून दिल न्हवं?"

ही समजूत गावोगाव आहे आणि ती बरोबर नाही. माणसाच्या वासानं आई पिल्लं टाकत नाही. माणसाच्या गर्दीनं तिला येता येत नाही, हे खरं कारण आहे. ती जवळच कुठंतरी बांधाआड बसलेली असते आणि आपण हलत नाही. आपण हलावं म्हणून ती थांबते, आणि ती येत नाही असं म्हणून आपण थांबतो. त्या रात्री आम्ही लवकर दिवे मालवले. उजाडलं तेव्हा उडवीखालची जागा रिकामी होती, पेंढ्यात तेवढा खळगा राहिला होता. मामीनं त्या खळग्यात हात घालून पाहिला आणि ती सकाळभर खुशीत होती.

उसातली गोष्ट याहून अवघड. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, पाटाचं पाणी, डुकरं-घुशी-कुत्री आसपास, आणि माणूस फडाच्या पोटात सहसा शिरत नाही. बिबट्याच्या मादीला बाळंतपणाला याहून चांगली जागा कुठली? ज्या बिबट्यांच्या आया स्वतः उसात जन्मल्या, त्यांच्यासाठी ऊस हेच रान आहे. मग हंगामात बीड-नगरकडची टोळी येते, कोप्या पडतात, पहाटेच्या धुक्यात कोयते चालू होतात. फड चारी बाजूंनी आत आत कापत नेतात आणि शेवटी मध्यावरचा एक तुकडा उभा उरतो. पिल्लं नेमकी त्या तुकड्यात असतात. पाचट बाजूला सारताना कोयत्याच्या पात्यापुढं ती येतात तेव्हा तोडणाऱ्या बाईच्या तोंडून जो आवाज निघतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही. तिचं स्वतःचं तान्हं बांधावर झोळीत असतं. वाघरू ज्या फडात आहे त्या फडाच्या बांधावर झोळी टांगून काम करणाऱ्या त्या बाईची भीती शहरात बसून हलकी लेखणाऱ्यांचा मला राग येतो.

कासारसाईच्या बाजूला अशी एक रात्र मी दूरवरून पाहिली आहे. दुपारी पिल्लं दिसल्याबरोबर काम थांबलं. वन विभागाची गाडी आली, बरोबर प्राण्यांचे डॉक्टर. त्यांनी पिल्लांच्या अंगावरच्या गोचिडी काढल्या, पोट-हिरड्या पाहून अंगातलं पाणी कमी झालंय का ते तपासलं, वजन केलं, नर की मादी ते लिहून घेतलं, कातडीखाली बारीक मायक्रोचिप घातली. सगळं कमीत कमी वेळात आणि कुणी मोठ्यानं न बोलता. फोटो काढायला पुढं आलेल्या तरुणांना एका वनरक्षकानं हात जोडून मागं सारलं. सूर्य कलायच्या आत पिल्लं एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, वर पाचटाचा आडोसा करून, जिथं सापडली त्याच सरीत नेऊन ठेवली. समोर कॅमेरा ट्रॅप बांधला. आणि मग माणसांनी करायचं ते सगळ्यांत कठीण काम सुरू झालं: निघून जायचं.

आम्ही बऱ्याच लांब, एका घराच्या ओसरीवर बसून होतो. तिथून काही दिसत नव्हतं. पलीकडं हिंजवडीच्या इमारतींचे दिवे दिसत होते, विमानांना दिसावेत म्हणून गच्च्यांवर लावलेले लाल दिवे. तिथं हजारो माणसं रात्रपाळीला जागी होती आणि इथं तोडलेल्या उसाच्या उग्र गोड वासात एक आई आपल्या नष्ट झालेल्या घराभोवती फिरत असणार होती. तिला वाट करून देणं एवढंच कुणाच्या हातात होतं. सकाळी कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. आधी बराच वेळ नुसता हलणारा पाला. मग चौकटीच्या कडेला एक खांदा. ती लगेच जवळ आली नाही. बसली. मान वळवून मागं पाहिलं. मग उठून एकदम क्रेटशी आली, पंजानं ती कलती केली, पिल्लू मानेला धरलं आणि निघाली. दुसऱ्या पिल्लासाठी ती परत येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, आणि ते चित्रण आधीच घडून गेलेलं आहे हे माहीत असूनही आम्ही श्वास रोखून पाहत होतो. जुन्नरच्या उसात वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेच्या डॉक्टरांनी कित्येक पिल्लं याच रीतीनं आईकडं पोचवली आहेत. कधी आई पहिल्या रात्री येत नाही. मग पिल्लांना दिवसा सांभाळून, दूध पाजून, संध्याकाळी पुन्हा तिथंच ठेवायचं, पुन्हा निघून जायचं.

बिबट्याच्या बाबतीत हा आटापिटा इतका का, याचं कारण समजून घ्यायला हवं. आई दुरावलेलं बिबट्याचं पिल्लू माणसानं वाढवलं तर ते जगतं, चांगलं दणकट होतं, पण त्याला माणसाचं भय उरत नाही. आपल्याकडं बिबटे राहतात ते शेतात, वस्तीच्या कडेला. जो बिबट्या माणसाला पाहून वाट बदलत नाही, त्याला तिथं सोडता येत नाही. मग उरतो पिंजरा, जन्मभराचा. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात असे जन्मठेपेचे बिबटे आहेत. त्यांची काळजी नीट घेतली जाते, तरी त्यांच्याकडं पाहताना उसातल्या त्या एका रात्रीची किंमत कळते. आईकडं पिल्लू पोचणं आणि न पोचणं यांत पंधरा-वीस वर्षांच्या गजांचं अंतर आहे.

लहान मांजरांना थोडी अधिक आशा आहे. बाऊल किंवा वाघाटी मोठी झाली तरी माणसाला तिचा धोका नाही, उंदीर-घुशींवर जगणारा जीव तो. म्हणून आई खरोखरच मेली असेल, गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी किंवा वणव्यात, तर पिल्लं वाढवून पुन्हा रानात सोडता येतात. वणव्याचं तर मुळशीत दर वर्षीचंच. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, त्यातली एखादी ठिणगी वाऱ्यावर माळाला लागते, किंवा कुणी मुद्दाम गवत पेटवतं, आणि रात्री डोंगरावर जळती रेघ सरकताना दिसते. चांगली वाटते ती लांबून. त्या रेघेच्या वाटेत जमिनीवरची घरटी असतात, बिळं असतात, अजून चालता न येणारी पिल्लं असतात.

मुळशी तालुक्यातल्याच बावधनला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. नेहा पंचमिया यांनी २००७ साली सुरू केलेली रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट ही संस्था पुणे वन विभागाबरोबर ते चालवते. अशा केंद्रांत रानमांजराचं पिल्लू कसं वाढवतात हे मी समजून घेतलं तेव्हा मला त्या कामाविषयी वाटणारा आदर आणखी खोल झाला. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा, आणि तेही मांजरीच्या दुधाच्या जवळ जाणारी खास पावडर वापरून. पाजताना पिल्लू पालथंच हवं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं आणि पिल्लू दगावतं. प्रत्येक दुधानंतर ओल्या कापसानं पोटाखाली पुसायचं, कारण आईची जीभ फिरल्याशिवाय या वयात लघवी-शी होत नाही. रोज वजन, ग्रॅममध्ये. पाळीव मांजरांचा संसर्ग येऊ नये म्हणून वेगळी खोली, वेगळे कपडे, कारण मांजरांचा पार्व्हो विषाणू एका दिवसात आख्खी वीण संपवू शकतो.

हे झालं शरीराचं. यापुढचा भाग मला विलक्षण वाटतो. हे सगळं करताना बोलायचं नाही. नाव ठेवायचं नाही. कुरवाळायचं नाही. शक्यतो एकाच माणसानं हाताळायचं, आणि दूध तुटलं की त्यानंही दिसेनासं व्हायचं. पिंजऱ्याला पडदे. अन्न लपवून ठेवायचं, म्हणजे अन्नाचा आणि माणसाच्या पावलांचा संबंध पिल्लाच्या डोक्यात जुळणार नाही. पुढं मोठ्या, गवत-फांद्यांनी भरलेल्या जागेत त्याला हलवायचं आणि कॅमेऱ्यातून पाहत राहायचं, दबा धरतंय का, झेप चुकते का, उंचावर झोपतंय का. बाऊलीचं पिल्लू सुमारे सहाव्या महिन्यात शिकार करू लागतं आणि आठ-नऊ महिन्यांचं झालं की आईपासून सुटं होतं. तेवढा काळ त्याला द्यावा लागतो. रात्री-बेरात्री उठून ज्यानं ते जगवलं, तो जवळ आला की ते कान मागं पाडून फिस्कारतं, आणि तेव्हा तो माणूस मनातून सुखावतो. पिल्लाचा तो राग हीच त्याच्या कामाची पावती. आपल्याकडं मायेचं कौतुक नेहमी ओळखीत मोजतात. मूल ओळखतं, गाय हंबरते, कुत्रं शेपूट हलवतं. ज्यानं आपल्याला विसरावं, नव्हे, आपल्याला कधी ओळखूच नये म्हणून कुणी आठ-नऊ महिने झटतं, ती मायाही तितकीच भरलेली असते.

हे माणसाला फार उशिरा उमगलं. उत्तर प्रदेशातल्या दुधव्याच्या जंगलाकडेला बिली अर्जन सिंग यांनी १९७० च्या दशकात बिबट्याची पिल्लं वाढवून रानात सोडली. त्यांतली हॅरिएट रानात व्याली. पावसाळ्यात नदीला पूर चढला तेव्हा ती पिल्लं तोंडात धरून पोहत आली आणि तिनं ती बिलींच्या घरात आणून ठेवली. पाणी उतरल्यावर परत जाताना ती पिल्लासह त्यांच्या होडीत चढून बसली आणि त्यांनी तिला पलीकडं नेलं. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आजही येतं. पण आता तिच्या पाठोपाठ एक भीतीही येते. हॅरिएटनं ज्या विश्वासानं ते घर गाठलं, त्याच विश्वासानं ती दुसऱ्या कुठल्याही घराच्या ओसरीवर गेली असती, आणि सगळ्या ओसऱ्यांवर बिली नव्हते.

हेमलकशाला प्रकाश आमट्यांनी शिकारीत आया मेलेली पिल्लं तांदळाच्या बदल्यात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यापुढं पर्यायच नव्हता. विलास मनोहरांच्या 'नेगल'मुळं तिथले बिबटे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. तिथं उभ्या राहिलेल्या प्राण्यांच्या अनाथालयानं आसपासच्या माणसांची शिकारीकडं पाहण्याची दृष्टी बदलली, आणि ते काम मोठंच आहे. पण माणसाच्या मांडीवर डोकं ठेवलेल्या बिबट्याचं छायाचित्र पाहून एखाद्या खेड्यातल्या पोराला वाटलं की आपणही एक पिल्लू पाळावं, तर त्यात पिल्लाचं आयुष्य जातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बिबट्या आणि वाघाटी दोघंही अनुसूची १ मध्ये आहेत, त्यांना पकडणं-पाळणं गुन्हा आहे. 'हॅलो फॉरेस्ट' या वन विभागाच्या मदतवाहिनीचा १९२६ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला असेल तर त्या पोराला तो तरी दिसेल.

मोठी झालेली पिल्लं सोडायची कुठं, हा प्रश्न दर वर्षी अवघड होत चाललाय. ती जिथली तिथंच, आपल्या भागात सोडावीत असा संकेत आहे. २०१३ साली ताम्हिणीला अभयारण्य झालं, ते बरंच झालं. पण बाऊल हे गवताळ माळाचं, पाणथळ काठाचं जनावर. त्याचा माळ कुणाच्याच अभयारण्यात येत नाही. त्याच्यावर फार्महाऊसचे प्लॉट पडतात, भोवती तारेची कुंपणं, आत हिरवळीचे चौकोन, आणि राखणीला सोडलेली कुत्री. पिरंगुटपासून पौडपर्यंतचा रस्ता रात्री दिव्यांनी सलग झालाय. दोन माळांच्या मध्ये तो ओलांडताना बाऊली मरतात, आणि त्यांची पिल्लं कुठल्या बांधाखाली वाट पाहत होती हे कुणाला कळतही नाही.

कासारसाईच्या त्या फडाच्या मालकाशी मी दुसऱ्या दिवशी बोलले. रात्रभर त्यानं मधल्या सऱ्या उभ्या ठेवल्या होत्या. मुकादमाची टोळी दुसऱ्या फडाला गेली, ट्रॅक्टर रिकामा परत गेला, आणि उरलेल्या उसाला पुन्हा तोड कधी मिळेल या विवंचनेत तो होता. टोळी एकदा पुढं सरकली की मागं आणायला किती मिनतवाऱ्या कराव्या लागतात, हे ऊस लावणाऱ्यालाच ठाऊक. तरी त्यानं वाद घातला नव्हता. "तिची बी लेकरंच की," एवढंच तो म्हणाला, आणि लगेच मुकादमाला फोन लावायला वळला. कारखान्यांनी तोडणीच्या कार्यक्रमात एक साधं कलम घालावं असं मला मनापासून वाटतं: पिल्लांसाठी ज्या शेतकऱ्यानं फड थांबवला, त्याची पाळी जाणार नाही, आणि टोळीचा बुडालेला रोज कारखाना देईल. चार सऱ्या आणि एक-दोन दिवस. हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादमांची बैठक होते, तिथं हे सांगायला फार तर दहा मिनिटं लागतील.